उजवीकडचा रकाना

शौनकची स्मरणशक्ती पंचवटीत गाजलेली होती. खानदेशातलं एखादं कुटुंब अस्थी घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, उतरायचं, गाव आणि आडनाव सांगायचं. शौनक त्यांना बसवायचा, आतल्या खोलीत जाऊन पाणी पिऊन यायचा आणि मग त्यांना त्यांच्याच खापरपणजोबांचं नाव सांगायचा. नुसतं नाव नाही. "तुमच्या आजींना दमा होता ना? पायऱ्या उतरताना तीनदा टेकल्या होत्या." समोरची माणसं गहिवरून जायची. अशा उपाध्यायाला सोडून कोण दुसरीकडे जाईल?

मालिनीला या चुलतभावाचं फार कौतुक होतं. त्याचे वडील, म्हणजे तिचे काका, गेले तेव्हा शौनक नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून तो त्यांच्याच घरात वाढला. अपूर्णांक तिनं शिकवले, मुंजीत त्याच्या मागे ती उभी राहिली, आणि एकही भाऊबीज चुकली नव्हती. मालिनीचे वडील बाळाजी गुरुजी पन्नास वर्षं गंगेवर बसले. आता त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि त्यांच्याकडे येणारी माणसं जवळजवळ थांबली होती. निदान घराण्यातलं कुणीतरी नाव काढतंय, असं मालिनी म्हणायची. म्हणताना आतून मात्र तिला टोचायचं, कारण बाबांकडची माणसं थांबली ती आपल्यामुळे, असं तिला वाटत होतं.

त्याचं असं झालं होतं. बाळाजींकडे आजोबा-पणजोबांपासूनच्या नामावळीच्या वह्या होत्या. कोणत्या गावचं कोण कधी आलं, कुणाचं कार्य केलं, बरोबर कोण होतं, सगळं त्यात लिहिलेलं. जुन्या वह्या मोडीत, आणि ती मोडी घरात फक्त बाळाजींना वाचता यायची. अठ्ठ्याण्णव साली मालिनी एका कॉलेजात संगणक शिकवायला लागली आणि तिनं ठरवलं, बाबांचे डोळे शाबूत आहेत तोवर हे सगळं संगणकात घ्यायचं. तिनं स्वतः प्रोग्रॅम लिहिला. मुद्दाम सतरा इंची मॉनिटर आणला. "एवढा मोठा कशाला गं?" बाळाजींनी विचारलं. "चार पिढ्या एका ओळीत दिसायला पाहिजेत, बाबा," ती म्हणाली.

तीन वर्षं रोज संध्याकाळी बाळाजी वाचायचे आणि ती टाइप करायची. नऊ हजारांवर कुटुंबं झाली. अगदी उजवीकडे तिनं एक रकाना ठेवला होता, 'आठवण' नावाचा. त्यात वहीत नसलेलं, बाबांच्या डोक्यात असलेलं जायचं. 'मोठा मुलगा बोलताना अडखळतो, घाई करू नये.' 'हे मूळचे त्र्यंबकचे, विचारल्यास आनंद होतो.' असं वाचता वाचता बाळाजी थांबायचे, हसायचे, एखाद्या माणसाची गोष्ट सांगायचे. मालिनीच्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या.

मग तिचं लग्न झालं. ती गंगापूर रोडला राहायला गेली आणि संगणक बाबांकडेच राहिला. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात शौनकचा फोन आला. "ताई, वाईट झालं. विजेचा झटका बसला, कम्प्युटर जळाला. हार्ड डिस्क गेली म्हणतात." बॅकअपच्या फ्लॉप्या त्याच टेबलाच्या खणात होत्या. त्यांनाही बुरशी लागली होती म्हणून फेकून दिल्या, असं तो म्हणाला. मालिनीकडे उरल्या त्या प्रोग्रॅमच्या मूळ फ्लॉप्या. म्हणजे सांगाडा राहिला, नावं गेली. वह्या होत्या, पण बाबांची दृष्टी आता त्या पुन्हा वाचण्याइतकी राहिली नव्हती. बॅकअप नेहमी दुसऱ्या जागी ठेवा, हे ती दरवर्षी साठ पोरांना शिकवत होती. त्या दिवशी ती बाबांच्या शेजारी बसून ढसाढसा रडली. बाळाजी नुसता पाठीवरून हात फिरवत राहिले.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. दोन हजार आठच्या चैत्रातल्या एका रविवारी सकाळी शौनकची बायको स्वरदा लॅपटॉपची बॅग घेऊन मालिनीच्या दारात उभी राहिली.

"मालिनीताई, एक काम होतं. ह्यांनी नवीन लॅपटॉप घेतलाय. जुना कम्प्युटर अगदीच मोडकळीला आला होता. दुकानवाल्यानं त्यातलं सगळं याच्यात घालून दिलं, पण चित्र इवलंसं दिसतं. उजवीकडचं तर दिसतच नाही. हे नुसते चिडचिड करतात. दुकानवाल्यानं हात टेकले."

"मग शौनकनं मला फोन का नाही केला?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, ताईला कशाला त्रास! आज ते त्र्यंबकला गेलेत, परवा येणार. म्हटलं, तोवर तुमच्याकडून करून घ्यावं."

"ठेवून जा," मालिनी म्हणाली. "त्यात त्रास कसला?"

चहा घेऊन स्वरदा गेली. मालिनीनं लॅपटॉप उघडला आणि दुकानवाल्यानं काय केलंय ते तिच्या लक्षात आलं. शौनकचा जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना, आणि तो नव्यानं बसवायला त्याच्याकडे मूळ फ्लॉप्या नसाव्यात. म्हणून दुकानवाल्यानं जुनी डिस्क जशीच्या तशी उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवली होती. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात एक खोटा संगणक, आणि त्या खोट्या संगणकात जुनं विंडोज ९८, आपण आपल्या जुन्याच घरात आहोत अशा समजुतीत. फक्त या घरातलं डिस्प्ले कार्ड त्याच्या ओळखीचं नव्हतं. ओळख नाही म्हणून ते जेमतेम चालवत होतं: सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी, सोळा रंग. नव्या लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर मधोमध एक चौकोन, आणि भोवती सगळं काळं.

डेस्कटॉपवर एकच आयकॉन होता. तिनं तो उघडला. प्रोग्रॅमची खिडकी पडद्यापेक्षा मोठी होती आणि मधोमध उघडत होती, त्यामुळे चारही बाजू बाहेर गेल्या होत्या. ना वरचं नाव दिसत होतं, ना खालची बटणं. दिसत होते फक्त मधले तीन रकाने: वडील, आजोबा, पणजोबा. सोळा रंगांत पार्श्वभूमी ठिपक्याठिपक्यांची झाली होती.

मालिनीला बरं वाटलं नाही. नामावळी आहे, हे तर उघड होतं. मग शौनकनं स्वतःची वेगळी करून घेतली असेल. हल्ली बरेच उपाध्याय करून घेतात. पण घरात संगणक शिकवणारी बहीण असताना दुसऱ्याकडून कशाला? आणि लोक ज्या स्मरणशक्तीचं कौतुक करतात, ती ही होय? तिला थोडं हसूही आलं. ठिपक्यांमागचा रंग फिकट पिवळा असावा, असं मात्र तिला सारखं वाटत राहिलं. तिच्या प्रोग्रॅमचा रंग फिकट पिवळा होता.

ती कामाला लागली. व्हर्च्युअल मशीनच्या मेनूत 'टूल्स' बसवायची सोय होती. ती निवडल्यावर त्या खोट्या संगणकात एक खोटी सीडी आली. टूल्स बसली, पण चित्र होतं तेवढंच राहिलं. विंडोज ९८ ला डिस्प्लेचा ड्रायव्हर हातानं दाखवावा लागतो, हे ती इतक्या वर्षांत विसरून गेली होती. घाईत तिनं चुकीचं फोल्डर दाखवलं. मशीन पुन्हा सुरू केलं तर पडदा काळाठिक्कर. सेफ मोडमध्ये जाऊन तिनं तो ड्रायव्हर काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली, पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. या खेपेला बरोबर फोल्डर सापडलं, तर विंडोजनं स्वतःची मूळ सीडी मागितली. ती कपाटाच्या वरच्या खणात होती. मालिनी स्टुलावर चढली, सीडी काढली, पदरानं पुसली आणि घातली. पट्टी हळूहळू भरत गेली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

आता डिस्प्लेच्या सेटिंगमधली ती पट्टी सरकत होती. तिनं ती एक हजार चोवीसवर नेली, रंग वाढवले आणि ओके केलं. क्षणभर पडदा अंधारला आणि मग मोठा होऊन उघडला.

तिनं आयकॉनवर पुन्हा क्लिक केलं. फिकट पिवळी खिडकी चारही कडांसकट पुढ्यात आली. वर नाव होतं, 'श्री. बाळाजी गुरुजी यांची नामावळी, पंचवटी'. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रोग्रॅम: मालिनी, १९९८'. ते अक्षर तिनंच बारीक ठेवलं होतं, बाबांच्या नावापुढे आपलं मोठं दिसू नये म्हणून.

पहिल्यांदा तिला वेड्यासारखा आनंद झाला. काही जळलं नव्हतं! नऊ हजार कुटुंबं होती तिथेच होती. आनंद दोन-चार क्षणच टिकला. तळाशी शेवटच्या नोंदीची तारीख होती, गेल्याच आठवड्यातली.

ती उजवीकडच्या रकान्याकडे वळली. जुन्या आठवणी होत्याच, दमेकरी आजी, अडखळणारा मुलगा. बाबांचे शब्द, तिची बोटं. त्याखाली दोन हजार दोननंतरच्या नोंदी सुरू झाल्या, आणि त्यांची भाषा वेगळी होती. 'काकांकडे जायचे म्हणत होते. काकांना दिसत नाही, आता करत नाहीत असे सांगितले.' ही ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मग दोन हजार चारच्या भाद्रपदात, सटाण्याकडच्या रावजी अहिरे यांच्या नावापुढे: 'गुरुजींनाच भेटू म्हणून हटून बसले. वारले असे सांगितले.'

मालिनीनं ते तीनदा वाचलं. मग शोधायच्या चौकटीत 'वारले असे' टाकून पाहिलं. अकरा कुटुंबं निघाली.

त्या वेळी बाळाजी दिंडोरी नाक्याजवळच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीतल्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत असणार होते. बॅटरीचा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला, तेव्हा ती भानावर आली. सगळी नामावळी तिनं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मगच लॅपटॉप बंद केला.

स्वरदानं शौनकला फोनवर कौतुकानं सांगितलं असावं, कारण दोन दिवस त्र्यंबकला राहणार असलेला शौनक त्याच संध्याकाळी तिच्या दारात उभा होता. वीज आली होती, लॅपटॉप टेबलावर उघडा होता. पडद्यावर पिवळी खिडकी पाहून तो चप्पल काढायचाच थांबला.

"ताई, मी सांगणारच होतो तुला."

"कधी?"

त्यानं चप्पल काढून कोपऱ्यात सरकवली.

"जळाला होता ना रे तो?" मालिनी म्हणाली. "बुरशी लागली होती ना फ्लॉप्यांना?"

"मी चोरलेला नाही," शौनक एकदम म्हणाला. "काकांनी दिला मला. स्वतःच्या हातानं. विचार त्यांना. आणि ताईला जळाला म्हणून सांग, हेही त्यांनीच सांगितलं."

मालिनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बाबांनी?"

"विचार ना! मी खोटं बोलत असलो तर तोंड दाखवणार नाही."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आणि मी वारलो असं सांग, हेही त्यांनीच सांगितलं का?"

शौनकची मान खाली गेली. "ती माणसं ऐकेचनात, ताई. एकदा तोंडातून निघून गेलं."

"अकरा वेळा आहे."

"एकाला सांगितल्यावर… मग दुसऱ्याला सांगणं सोपं जातं," तो पुटपुटला. "काका थकले होते. ती माणसं कुठंतरी गेलीच असती. बाहेरच्याकडे गेली असती तर चाललं असतं तुला?"

मालिनीनं लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला आणि बॅग त्याच्या हातात दिली. "पडदा नीट झालाय. स्वरदाला सांग, काम झालं म्हणून." तो काही बोलू पाहत होता. तिनं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिंडोरी नाक्यावर गेली. तोवर तिच्या मनात आशेचा एक धागा होता, की शौनक खोटं बोलला असेल. बाळाजींची पूजा नुकतीच झाली होती. पावलांवरून त्यांनी ओळखलं. "मालू? आज सोमवारी कशी?"

"बाबा, तो कम्प्युटर जळाला होता का?"

बाळाजींचा हात जपमाळेवर थांबला. त्यांनी कोणता कम्प्युटर असंही विचारलं नाही. "नाही," ते म्हणाले.

धागा तुटला.

"गंगेवर शौनक बसणार होता," बाळाजी सावकाश म्हणाले. "जो बसतो त्याच्याकडे नामावळी असते, मालू. तुझं लग्न झालं होतं. तू काय करणार होतीस त्याचं?"

"मग तसं सांगायचं मला."

"तू दिली नसतीस."

"मी स्वतः नेऊन जोडून दिला असता, बाबा! वायरी लावून दिल्या असत्या, कसं चालवायचं ते शिकवलं असतं त्याला. तुम्ही विचारलंच नाहीत." तिचा आवाज चढला. "तीन वर्षं मी केलं ते, आणि कुणाला द्यायचं हे मला सांगायचीसुद्धा गरज वाटली नाही तुम्हाला?"

"तुझं मन मोडू नये म्हणून…"

"सहा वर्षं मी स्वतःला दोष देतेय. माझ्या चुकीनं तुमची माणसं तुटली म्हणून. इथंच बसून रडले होते मी. तुम्ही पाठीवरून हात फिरवत होतात. एकदाही वाटलं नाही की हिला सांगावं?"

खाली भाजीवाला ओरडत गेला. मालिनीला उठून निघून जावंसं वाटत होतं.

मग बाळाजींनीच विचारलं, "नीट ठेवली आहे का त्यानं?"

इथं तिला थांबता आलं असतं. ठेवली आहे म्हणून मोकळं होता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, असा विचार तिच्या मनात आलाही, आणि त्याच विचारानं तिला स्वतःची शिसारी आली. असंच तर तिच्याबाबतीत कुणीतरी म्हटलं होतं.

"नीट ठेवली आहे," ती म्हणाली. "पण त्यात लिहिलंय की तुम्ही वारलात. अकरा घरांना तसं सांगितलंय त्यानं."

बाळाजींचा चेहरा वळला तो तिच्याकडे नाही, भिंतीकडे. मग त्यांनी विचारलं, "कुणाला?"

तिनं एकेक नाव सांगितलं. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते. रावजी अहिऱ्यांच्या नावाला मात्र त्यांच्या तोंडून "अरे अरे" निघालं. "त्याच्या आईचं कार्य करताना गंगेला पूर आला होता. मला खांद्यावर घेऊन वर आणलं होतं त्यानं." मग ते म्हणाले, "मी त्याला माझ्या मुलासारखा…" आणि वाक्य तिथंच सोडलं. ते शौनकबद्दल बोलत होते की रावजीबद्दल, हे मालिनीनं विचारलं नाही. त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा, असं तिला वाटलं. तिचा हात उठला नाही.

त्या आठवड्यात तिनं अकरा पोस्टकार्डं लिहिली. 'बाळाजी गुरुजी हयात आहेत. दृष्टी अधू आहे, बाकी प्रकृती ठीक. आपणांस चुकीचा निरोप गेला, क्षमा असावी.' खाली नाव आणि पत्ता. यात बाबांसाठी किती आणि स्वतःसाठी किती, याचा हिशेब तिनं केला नाही. स्वरदाचा रडत फोन आला. तुझा यात काही दोष नाही, असं मालिनीनं तिला सांगितलं, आणि ते खरंही होतं. शौनकचा फोन मात्र तिनं घेतला नाही. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही, तिनंही वाट पाहिली नाही.

पाच कार्डांना उत्तरं आली. मार्गशीर्षात रावजी अहिरे स्वतःच आले, सत्तरीचा उंच माणूस, बरोबर नातू. बाळाजींना पाहून ते दारातच थबकले.

"गुरुजी, तुम्ही तर जित्ता शेतस!" त्यांच्या तोंडून घरची अहिराणीच निघाली. मग पाय धरून म्हणाले, "तुमच्या नावानं आंघोळ केली हो आम्ही. घरात चार दिवस कुणी गोड खाल्लं नाही."

"मग आता खा," बाळाजी म्हणाले आणि हसले. हसताना त्यांचे डोळे वाहत होते.

रावजींना थोरल्या भावाचं कार्य करायचं होतं. बाळाजींनी मालिनीला बोलावलं होतं. तिनं पेन ड्राइव्हवरची नामावळी भरलेला आपला लॅपटॉप उघडला, गाव काढलं, आडनाव काढलं. "माझी मुलगी," बाळाजी रावजींना म्हणाले. "आमची नामावळी हिनं केली. नावं हिच्याकडे असतात."

मालिनीनं नावं वाचली. वडील, आजोबा, पणजोबा. बाळाजी तिच्यामागून एकेक नाव संकल्पात घेत गेले, आणि तिचा आवाज कुठंही अडला नाही. रावजींचा नातू आपल्या खापरपणजोबांचं नाव ऐकून दोनदा म्हणाला, "पुन्हा सांगा ना." तिनं पुन्हा सांगितलं.

पाहुणे गेल्यावर तिनं लॅपटॉप आवरला, बाळाजींच्या खुर्चीजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि चप्पल घातली.

"मालू," बाळाजी म्हणाले, "बरं झालं आज."

"आज जे म्हणालात, ते तेव्हा म्हणायला हवं होतं, बाबा."

"हो," बाळाजी म्हणाले.

आणखी काही बोलतील म्हणून ती उंबऱ्यात थोडी थांबली. "गुरुवारी येते, धुळ्याची माणसं येणार आहेत," असं सांगून ती जिना उतरली.